बऱ्हाणपूरचे मांडे

१६०१ च्या जानेवारीत असीरगड अकबराच्या हाती आला आणि फारुकी सुलतानांचे खानदेश मोगलांच्या राज्यात सामील झाले. बादशहाने नवा सुभा शाहजादा दानियालला दिला व त्याच्या नावावरून खानदेशचे 'दानदेश' केले. (नाव टिकले नाही, हे सांगायला नकोच.) 'ऐन-इ-अकबरी'त या सुभ्याचे वर्णन आहे. त्यात गडकोट, परगणे, महसूल हे सारे यथास्थित आलेले आहे. पण मला त्यातली एक छोटीशी नोंद फार आवडते. अबुल फजल म्हणतो, इथले मुख्य पीक ज्वारीचे, काही ठिकाणी ते वर्षातून तीनदा निघते, आणि ज्वारीचे ताट इतके कोवळे व गोड असते की त्याची गणना फळात करावी.

बादशाही मुदपाकखान्यातल्या पक्वान्नांची यादी करणाऱ्या लेखणीने आमच्या ज्वारीच्या ताटाची दखल घ्यावी, याचे मला अजून अप्रूप वाटते. जिंकणारा माणूस मुलुख मोजतो, किल्ले मोजतो. पण तो इथला व्हायला लागतो ते इथले काहीतरी तोंडात टाकल्यावर. इतिहासाच्या पुस्तकांत तहाच्या कलमांना जागा मिळते, पंगतीला मिळत नाही. शाळेत सत्तावीस वर्षे इतिहास शिकवताना मीही हेच केले, कारण परीक्षेत पंगतीवर प्रश्न येत नसे. आता निवृत्तीनंतर थोडी मोकळीक घेते आहे.

त्याच 'ऐन-इ-अकबरी'त बऱ्हाणपूर शहराबद्दल म्हटले आहे की इथे सर्व देशांचे लोक राहतात, कारागिरांचे धंदे जोरात चालतात, उन्हाळ्यात धुळीचे लोट उठतात आणि पावसाळ्यात त्याचाच चिखल होतो. यातली धूळ आणि चिखल यांविषयी चारशे वर्षांत फारशी दुरुस्ती करावी लागलेली नाही. मला बोलायचे आहे ते 'सर्व देशांचे लोक' या शब्दांवर.

मी स्वतः त्यांपैकीच एक. माझा जन्म बेळगावचा, आणि १९७६ साली लग्न होऊन मी तापीकाठच्या या गावी आले. म्हणजे एका सीमेवरून उठून दुसऱ्या सीमेवर येऊन बसले. सासरचे घराणे इथलेच. सासूबाईंचे माहेर रावेरकडचे. गल्लीत एका बाजूला गुजराती व्यापारी, दुसऱ्या बाजूला मोमीन विणकर, कोपऱ्यावर एक सिंधी कुटुंब. घरात मराठी, दारात हिंदी, भिंतीपलीकडे उर्दू आणि बाजारात या तिन्हींची खिचडी. सीमाभागातल्या वाचकांना याचे नवल वाटणार नाही. तुमच्या घरी हिंदीच्या जागी कानडी असेल, तेलुगू असेल, कोंकणी असेल, एवढाच फरक.

या शहराचा पायाच मुळी परक्या माणसाच्या नावाने घातला गेला. १४०० च्या सुमारास नासिरखान फारुकीने तापीच्या उत्तर तीरावर गाव वसवले आणि त्याला सूफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब यांचे नाव दिले. हे संत दिल्लीहून दौलताबादेस आलेले. त्यांची कबर खुलताबादेत आहे. समोरच्या तीरावरचे जैनाबाद त्यांचे शिष्य जैनुद्दीन यांच्या नावाचे. पुढे फारुकींच्याच काळात इथे जामा मशीद उभी राहिली, तिच्या भिंतीवर अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही कोरला गेला. सोळाव्या शतकात सिंधमधून सूफी घराणी व त्यांच्याबरोबर विणकर आले. त्यांच्या वस्तीला आजही सिंधीपुरा म्हणतात. १८५७ च्या धामधुमीनंतर आझमगढ, मऊ, बनारस या भागांतले मोमीन विणकर दक्षिणेकडे निघाले. काही मालेगावात थांबले, काही भिवंडीपर्यंत गेले, काही इथे राहिले. आणि १९४७ नंतर पुन्हा सिंधमधूनच माणसे आली, या वेळी हिंदू. त्यांच्या वस्तीचे नाव सिंधी बस्ती. एकाच शहरात सिंधीपुरा आणि सिंधी बस्ती, मध्ये चारशे वर्षांचे अंतर!

अर्थात नवा आलेला प्रत्येक जण पंगतीत बसतोच असे नाही. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो १६१५ च्या नोव्हेंबरात इथे आला. त्याला सराईत ज्या चार खोल्या मिळाल्या, त्या भट्टीएवढ्याच व भट्टीसारख्या आहेत, अशी तक्रार त्याने रोजनिशीत लिहून ठेवली आहे. शाहजादा परवेझ तेव्हा इथे होता. रोने त्याला नजराण्यात मद्याची पेटी पाठवली. परवेझने ती इतक्या आवडीने रिकामी केली की ठरलेली दुसरी भेट होऊच शकली नाही. पाहुण्याने यजमानाला आपल्याकडची वस्तू दिली, यजमानाने पाहुण्याला इथली काही चाखवली नाही. काम तिथेच फसले, असा माझा आपला निष्कर्ष.

याच्या अगदी उलट गोष्ट आंब्याची. जैनाबादच्या बाजूला शाहजहानचा आवडता आंबा होता, 'बादशाहपसंद' नावाचा. १६५३ पासून औरंगजेब दख्खनचा सुभेदार होता, त्या वेळी बादशहाने मुलाला कानपिचक्या दिल्या की आंबे कमी येतात, खराब येतात, तूच खातोस की काय! औरंगजेबाला खुलासे करावे लागले, झाडावर माणसे नेमावी लागली. बाप-लेकांच्या पुढच्या वैराची कारणे मोठी होती हे खरे, पण दिल्लीच्या तख्तावर बसलेल्या माणसाला तापीकाठच्या एका झाडाची आठवण सुटत नव्हती, हेही तितकेच खरे. याच शहरात १६३१ मध्ये मुमताज महल वारली आणि प्रथम तिचे दफन जैनाबादच्या आहुखान्यात झाले. त्या वेळी गुजरात-खानदेशात भीषण दुष्काळ होता. बादशहाने बऱ्हाणपूर, अहमदाबाद व सुरतेच्या मुलुखात लंगर उघडले, तिथे रोज भुकेल्यांना रस्सा आणि रोटी मिळे. शिवाय बादशहाचा मुक्काम इथे असेतो दर सोमवारी पाच हजार रुपये गरिबांना वाटले जात. वीस सोमवारांत एक लाख रुपये वाटले गेले, असा बादशाही इतिहासात हिशेब आहे. गावोगावचे लोक या अन्नछत्रांच्या आशेने धावत आले असतील. पंगतीची गोष्ट सांगताना तिचे हे दुसरे टोकही ध्यानात ठेवलेले बरे.

आता मांडे.

माझ्या पहिल्या दिवाळीला बेळगावहून आईने पत्र्याचा डबा पाठवला. त्यात आमच्याकडचे मांडे होते. बेळगावकरांना सांगायला नको, पण इतरांसाठी सांगते: पातळ लाटलेल्या पोळीत पिठीसाखर, खसखस, वेलची, जमल्यास खवा, उलट्या कढईवर भाजून, गरम असतानाच घडी घालायची, गार झाली की कुरकुरीत. लग्नात रुखवतावर मांडे नसतील तर आमच्याकडे व्याही रुसायचे. सासूबाईंनी एक उचलून उजेडाकडे धरला आणि म्हणाल्या, "याले मांडे म्हनता का वं तुमच्याकडे? हा तर पापड झाला!"

त्यांचे मांडे म्हणजे खापरावरची पुरणपोळी. गहू ओलवून दळायचे, पीठ वस्त्रगाळ करायचे, ते तेलपाण्याने तिंबून तिंबून असे मऊ करायचे की गोळा हातातून ओघळला पाहिजे. दोन पाऱ्यांत पुरण भरायचे आणि मग लाटणे बाजूला ठेवून हातावरच वाढवत न्यायचे. या हातावरून त्या हातावर, मनगटावरून कोपरापर्यंत. चुलीवर मातीचे खापर पालथे घातलेले असते, त्यावर तो मांडा अलगद पसरायचा. सासूबाईंचा मांडा खापरावर पडताना आवाज होत नसे. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, पितरांच्या नावाने घागर भरायची आणि आमरसाबरोबर मांडे वाढायचे, हा खानदेशचा कुळाचार. ज्या सुनेला मांडे येत नाहीत तिला काय ऐकावे लागते ते मी लिहीत नाही.

त्याच आठवड्यात भिंतीपलीकडच्या मोमीन घरी निकाह होता. तिथल्या चाचींनी परातीत कापडाखाली झाकून काही पाठवले. कापड काढले तर मोठ्या रुमालासारखी घडी घातलेली पांढरी रोटी! उलगडली तर आमच्या पाटाबाहेर गेली. मी विचारले, हे काय? चाची म्हणाल्या, "दुल्हन, मांडे हैं. बऱ्हाणपूर में रहकर मांडे नहीं जानतीं?"

एका ताटात तीन मांडे. एक कुरकुरीत, एक पुरणाचा, एक नुसता. एक कृष्णेपलीकडचा, एक रावेरकडचा, एक भट्टीवरचा. नाव मात्र एकच.

बऱ्हाणपूरचे हे भट्टीचे मांडे गव्हाच्या पिठात मैदा घालून करतात. गोळा हातावर झुलवून वाढवायचा आणि धगधगत्या भट्टीवर उलट्या कढईसारख्या मोठ्या तव्यावर टाकायचा; क्षणभरात भाजून निघतो. घरोघर हे जमत नाही, त्याचे कारागीर वेगळे. लग्नसराईत त्यांना मोकळा वेळ नसतो. मटणाच्या रश्शाबरोबर खातात, डाळीबरोबर खातात, आणि हिंदू घरांत शिऱ्याबरोबर किंवा आमरसाबरोबरही. गावात कुणालाही विचारा, उत्तर ठरलेले: मोगलांच्या फौजेला झटपट रोट्या पुरवायच्या म्हणून हे मांडे निघाले, चारशे वर्षांपूर्वी.

ही गोष्ट मी वर्गातही अनेकदा ऐकली आहे, मुलेच सांगत. मला ती अर्धी पटते. लष्कराच्या छावणीला मोठ्या आणि पटकन होणाऱ्या रोट्या लागणारच. भट्टी, तो आकार, मैदा हे त्या गरजेतून आले असेल असे समजायला हरकत नाही. पण नाव? मांडे हा शब्द फारसी नाही, तुर्की नाही. तो संस्कृत 'मण्डक' या शब्दावरून आला आहे, आणि कल्याणीच्या चालुक्य घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातल्या ग्रंथात मण्डकांची कृती आहे. गव्हाचे पीठ, हातावर वाढवणे आणि तापलेले खापर, सगळे त्यात आहे. अकबर असीरगडाखाली येण्याआधी पावणेपाचशे वर्षे हा ग्रंथ झाला. आणि ज्ञानदेवांच्या पाठीवर मुक्ताबाईने मांडे भाजले ही कथा कोणत्या मराठी घरात माहीत नाही? संन्याशाची पोरे म्हणून वाळीत टाकलेली ती भावंडे. विसोबाने कुंभारांना बजावले, यांना खापर द्यायचे नाही. त्या कथेत सारे आहे: गावाने कुणाला आपले म्हणायचे नाही असे ठरवले की प्रथम त्याचे खापर काढून घ्यायचे. त्याच मुक्ताबाईचे समाधिस्थान आमच्यापासून दूर नाही. जळगाव जिल्ह्यातले पूर्वीचे एदलाबाद, आताचे मुक्ताईनगर. इच्छापूरवरून रस्ता जातो आणि मध्ये राज्याची हद्द लागते.

तेव्हा माझे म्हणणे असे की फौजेने मांडे आणले नाहीत, फौजेला मांडे इथे सापडले. नव्या आलेल्यांनी इथले नाव घेतले, खापराचा तवा केला, पुरण काढून टाकले आणि रश्शाशी जोडी जमवली. इथल्यांनी मग त्यांचा तो भला थोरला मांडा आपल्या आमरसात बुडवला. चाचींना मी हे एकदा समजावून सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, "नाम तुम्हारा सही, भट्टी तो हमारी है." यावर मला आजवर उत्तर सुचलेले नाही.

जिलेबीचे अगदी उलटे झाले. जिलेबी हा शब्दच बाहेरचा, अरबी-फारसी 'जुलबिया'चा. बऱ्हाणपुरात ती मैद्याच्या आंबवलेल्या पिठाऐवजी खव्याची झाली. खव्यात आरारूट मळून, जाड वेटोळी तुपात काळपट तांबूस होईपर्यंत तळतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती जळली आहे असे वाटते. खाल्ल्यावर तो गप्प बसतो. इथल्या दुभत्याने परक्या शब्दात आपला खवा भरला. आता हीच मावा जिलेबी मुंबईला मोहम्मद अली रोडवर रमजानच्या रात्री 'बऱ्हाणपूरची' म्हणून विकली जाते. म्हणजे तिथे ती पाहुणी, आणि गाव तिचे आडनाव.

दराब्याबद्दल लिहायचे तर वेगळा लेख होईल. रवा तुपात भाजायचा, पिठीसाखर घालायची आणि मग तळहाताने फेटत राहायचे, फेटत राहायचे, पांढरा फेसासारखा हलका होईपर्यंत. बालाजीच्या मेळ्यात गेलेल्या माणसाने दराबा न घेता घरी यावे, असे होत नाही. बोहरी यात्रेकरू दर्गाह-ए-हकीमीला देशोदेशींहून येतात. त्यांची रीत एका थाळाभोवती बसून मिठाने सुरुवात करायची. परत जाताना तेही दराब्याचे डबे घेतात.

हे सारे गोडाधोडाचे झाले म्हणून आमच्यात भांडणे नव्हती असे कुणी समजू नये. खरे भांडण स्वयंपाकघराबाहेर होते. १७६० साली उदगीरच्या लढाईनंतर निजामाकडून बऱ्हाणपूर पेशव्यांकडे आले, मग शिंद्यांकडे गेले, १८६० मध्ये शिंद्यांकडून इंग्रजांकडे. त्यानंतर मध्य प्रांत, राजधानी नागपूर; कचेऱ्यांत मराठी आणि हिंदी दोन्ही. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेरमांडणी झाली. बऱ्हाणपूर नव्या मध्य प्रदेशात राहिले, हाकेच्या अंतरावरचे रावेर मुंबई राज्यात. आणि त्याच दिवशी माझे बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. माझ्या माहेरचे आणि सासरचे दोन्ही गाव एकाच तारखेला 'पलीकडे' गेले, हे मी लग्नात कुणाला सांगितले नव्हते, पण मला ते कळत होते.

त्यानंतरच्या पिढीला एक प्रश्न सारखा ऐकावा लागला: "आप लोग महाराष्ट्र से कब आए?" सासरे शांतपणे सांगत, आम्ही आलो नाही, महाराष्ट्र थोडा मागे सरकला. पण मुलांना हा विनोद पुरत नसे. शाळेत मराठी वर्ग रोडावले, घरातली मुले आपापसांत हिंदी बोलू लागली. माझा मुलगा मराठी वाचतो, पण 'मनातले मांडे' म्हणजे काय हे त्याला मला समजावून सांगावे लागले. वाक्प्रचार गेला, मांडे मात्र तो अजून मागून खातो; भट्टीचेही आणि खापराचेही. याचे समाधान मानायचे की वाईट वाटून घ्यायचे, हे माझे मलाच ठरवता आलेले नाही. भाषा जाते आणि चव राहते, हा सौदा मला काही बरोबरीचा वाटत नाही. बेळगावात माझ्या भाचरांचे काय होईल याची चिंता मी करते, ती याचसाठी.

नेपानगरचे उदाहरण मात्र सांगितलेच पाहिजे. १९५६ साली पंडित नेहरूंच्या हस्ते तिथल्या वृत्तपत्री कागदाच्या कारखान्याचे उद्घाटन झाले आणि जंगलातल्या त्या वसाहतीत बंगाली, मल्याळी, पंजाबी, तामिळ अशी सारी माणसे राहू लागली. त्यांना आमच्याकडच्या लोकांनी आपल्यात घेतले ते भरताच्या पार्टीने. हिवाळ्यात शेतात तुराट्या-पऱ्हाट्यांच्या जाळावर हिरवी लांबट वांगी भाजायची, लाकडी भांड्यात हिरव्या मिरच्या-लसणाबरोबर ठेचायची, केळीच्या पानावर वाढायची, सोबत कळण्याची भाकरी. कळणा म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेले पीठ. भाकरी काळसर, खरखरीत. पहिला घास घेताना नवख्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. आमच्या ओळखीच्या एका बंगाली बाईंनी त्यात मोहरीचे तेल घालून पाहिले. सासूबाईंनी नाक मुरडले आणि पुढच्या हिवाळ्यात गुपचूप थोडे मागून घेतले. कोपऱ्यावरच्या सिंधी वहिनींनी कळण्याचे पीठ घेऊन कांदा-मिरचीची कोकी केली. ती आमच्या घरी अजून होते आणि तिला आम्ही 'वहिनींची भाकरी' म्हणतो. त्यांना जाऊन बरीच वर्षे झाली.

सासूबाईही गेल्या. खापर देणारे कुंभार आता मोजके उरले आहेत. आखाजीच्या आधी सांगून ठेवले तर मिळते. गॅसच्या शेगडीवर खापर नीट तापत नाही, तडकते, म्हणून आम्ही अंगणात वर्षातून एकदा तीन विटांची चूल मांडतो. माझा मांडा कोपरापर्यंत जात नाही, मनगटाशीच थांबतो. रावेरकडच्या बायका आता मागणीनुसार मांडे करून देतात आणि बऱ्यापैकी पैसे मिळवतात, ही चांगली गोष्ट आहे. भट्टीवाल्यांची मुले मात्र त्या आचेसमोर उभी राहायला नाखूश असतात, असे चाचींचा नातू सांगतो. तो स्वतः केळीच्या वेफरचा व्यवसाय करतो.

कुणाला यायचे असेल तर सांगून ठेवते. भुसावळ-खंडवा मार्गावर बऱ्हाणपूर स्टेशन लागते, पण ते लालबागेत. गाव तिथून रिक्षाने. पुरणाच्या मांड्यांसाठी आखाजीला या, भट्टीच्या मांड्यांसाठी लग्नसराईत, दराब्यासाठी दसऱ्यानंतर मेळ्याला, भरतासाठी थंडीत. मावा जिलेबीला मुहूर्त लागत नाही. बेळगावहून येणाऱ्यांनी तिकडचे मांडे जरूर आणावेत, मात्र डब्यात कापड घालून. तरीही दोन गाड्या बदलून इथवर येईतो त्यांचा चुरा होतोच. आमच्या घरी तो गरम दुधात घालून खातात, आणि चाचींच्या घरीही.